मार्लबरोचे ड्यूकपद : वंशतक्त्याच्या कामाच्या नोंदी

८ जानेवारी २०२५

ब्रिटिश उमरावांच्या वंशपरंपरागत पदव्यांवरील लेखमालेचे पहिले टिपण मार्लबरोच्या ड्यूकपदावर करायचे, असे आज ठरले. अशी पदवी एरवी बापाकडून थोरल्या मुलाकडे जाते आणि मूळ धारकाचा पुरुषवंश खुंटला की पदवीही बुडते. मार्लबरोच्या घरात पुरुषवंश पहिल्या पिढीतच खुंटला, तरी पदवी तीनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि आज तिचा बारावा धारक हयात आहे. हे कसे जमले, ते तक्ता पाहताच वाचकाला उमगले पाहिजे. तक्त्याखालचे टिपण त्यानंतर लिहायचे.

आधी एक वेगळी शाखा बाजूला काढून ठेवली. मार्लबरो हे विल्टशरमधील एक गाव असून त्याच्या नावाची पदवी दोन निरनिराळ्या घराण्यांना मिळाली आहे. पहिल्यांदा ती १६२६ मध्ये जेम्स ले या न्यायाधीश व खजिनदाराला अर्ल म्हणून मिळाली. त्याचा नातू, तिसरा अर्ल, याचेही नाव जेम्स लेच होते आणि त्याचा मुंबईशी थेट संबंध आला. दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन यांच्या १६६१ च्या विवाहकरारात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला मिळाले होते. ते ताब्यात घ्यायला १६६२ मध्ये आलेल्या आरमाराचे नेतृत्व या तिसऱ्या अर्लकडे होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेट देण्याचे नाकारले, अर्ल जहाजे घेऊन परत फिरला, आणि बरोबर आलेला सर अब्राहम शिपमन व त्याचे शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडले. शिपमनसह त्यांतले बहुतेक जण तिथेच मेले आणि बेटाचा ताबा घ्यायला १६६५ चा फेब्रुवारी उजाडला. त्याच वर्षी जूनमध्ये लोस्टॉफ्टच्या समुद्री लढाईत तिसरा अर्ल मारला गेला. त्याला मूलबाळ नव्हते. पदवी काकाकडे गेली आणि १६७९ मध्ये काकाही निपुत्रिक वारल्यावर ती बुडाली.

ही शाखा तक्त्यात चौकटीबाहेर, फिकट शाईत दाखवावी. १६८९ मध्ये हेच अर्लपद नव्याने निर्माण करून सेनापती जॉन चर्चिलला, म्हणजे पुढच्या पहिल्या ड्यूकला, देण्यात आले. त्याच्या आजोळकडून ले घराण्याशी दूरचे नाते पोचत होते. तरीही ही सनद नवी आणि तिचे मूळही नवे, त्यामुळे चर्चिलला चौथ्या अर्लचा वारस समजून दोन्ही याद्या जोडता येत नाहीत. इंग्रजी याद्यांत ‘पहिला अर्ल’ दोनदा येतो, तो यामुळेच.

१२ जानेवारी

जॉन चर्चिलच्या पदव्यांची कालक्रमाने मांडणी केली. १६८२ मध्ये स्कॉटलंडच्या उमरावांत आयमथचा लॉर्ड चर्चिल, १६८५ मध्ये इंग्लंडच्या उमरावांत सँड्रिजचा बॅरन चर्चिल, १६८९ मध्ये मार्लबरोचा अर्ल आणि १४ डिसेंबर १७०२ रोजी राणी ॲनकडून ब्लँडफर्डचा मार्क्विस व मार्लबरोचा ड्यूक. यातल्या प्रत्येक पायरीला स्वतंत्र सनद आहे आणि वारस कोण होऊ शकेल, हे त्या त्या सनदेतच लिहिलेले आहे. ब्रिटिश पदव्यांच्या बाबतीत वारसाहक्क हा साऱ्या देशाला लागू असणारा एकच कायदा नसून दर पदवीगणिक बदलू शकणारी अट आहे, ही गोष्ट टिपणात अगदी वर, पहिल्या परिच्छेदात यायला हवी.

१७०२ च्या सनदेतली अट नेहमीची होती: पहिल्या धारकाच्या रक्ताचे औरस पुरुष वारस. मुलीचा मुलगा त्यात बसत नाही. भाऊही बसत नाही, कारण तो बापाचा वंशज असला तरी पहिल्या धारकाचा वंशज नसतो. जॉनला जॉर्ज आणि चार्ल्स असे दोन भाऊ होते, दोघेही राजाच्या नोकरीत नावारूपाला आलेले. पण ड्यूकपदावर त्यांचा काडीचाही हक्क नव्हता. सगळी भिस्त एकुलत्या एका हयात मुलावर होती. तोही जॉनच. ड्यूकच्या थोरल्या मुलाने बापाची दुय्यम पदवी केवळ मानाने वापरायची असा प्रघात असल्याने त्याला ब्लँडफर्डचा मार्क्विस म्हणत. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकत असताना त्याला देवी आल्या आणि २० फेब्रुवारी १७०३ रोजी, सतरा वर्षांचा असताना, तो वारला. ड्यूकपदाची सनद होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

या तारखेबद्दल एक टीप देणे भाग आहे. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत जुने पंचांग चालू होते आणि कायद्याच्या दृष्टीने नवे वर्ष २५ मार्चला लागत असे. त्यामुळे काही जुन्या कागदांत हा मृत्यू १७०२ च्या फेब्रुवारीत पडतो आणि मुलगा सनदेच्या आधीच गेला असा वाचकाचा समज होऊ शकतो. शिवकालीन पत्रांतले सन इसवी सनात बसवताना जी काळजी घ्यावी लागते, तीच इथे घेतली आहे: दिवस जुन्या पंचांगाचा ठेवला, वर्ष मात्र १ जानेवारीपासून मोजले.

१९ जानेवारी

आजचा दिवस डिसेंबर १७०६ च्या संसदीय कायद्यात गेला. साऱ्या तक्त्याचा कणा हाच आहे, म्हणून नोंद जरा सविस्तर करतो.

मुलगा गेल्यावर ड्यूकच्या घरात चार मुली उरल्या: हेन्रिएटा, ॲन, एलिझाबेथ आणि मेरी. चौघींची लग्ने मातब्बर घराण्यांत झालेली. आणखी मुलगा होण्याची आशा सरत चालली होती. दुसरीकडे ड्यूकच्या नावावर १७०४ चा ब्लेनमचा आणि १७०६ च्या मे महिन्यातला रामिलीचा, असे दोन मोठे विजय जमा झाले होते. ब्लेनमबद्दल १७०५ मध्ये ऑक्सफर्डजवळची वुडस्टॉकची राजजहागीर त्याला मिळाली होती आणि तिथे जॉन व्हॅनब्रू या वास्तुकाराच्या देखरेखीखाली ब्लेनमचा वाडा उभा राहत होता. एवढे सगळे करून पदवी ड्यूकबरोबरच थडग्यात जाणार, हे संसदेलाही प्रशस्त वाटेना.

राणीला नवी सनद काढून मुलींना वारसा देता आला असता. मग तसे का केले नाही, हा प्रश्न संपादकांनी विचारला आणि तो रास्त आहे. नवी सनद म्हणजे नवी पदवी, आणि उमरावांच्या रांगेत प्रत्येकाची जागा सनदेच्या तारखेवरून ठरते. कायदा केल्यामुळे १७०२ ची पदवी, तिची तारीख आणि तिचा मान जागच्या जागी राहिला व आतली वारसाची अट तेवढी बदलली. पुढे १९४६-४७ मध्ये माउंटबॅटन यांना आधी व्हायकाउंट आणि मग अर्ल करताना, त्यांना फक्त मुली आहेत हे ठाऊक असल्याने, थोरल्या मुलीचा हक्क मूळ सनदेतच लिहिला गेला आणि १९७९ मध्ये ती रीतसर दुसरी काउंटेस झाली. तिथे कायद्याची गरज पडली नाही. मार्लबरोच्या बाबतीत सनद आधीच निघालेली होती, तिला संसदेच्या हातानेच वळण द्यावे लागले.

कायद्यातला क्रम असा आहे. आधी ड्यूकचे स्वतःचे पुरुष वारस. ते नसतील तर थोरली मुलगी हेन्रिएटा आणि तिच्या पश्चात तिचे पुरुष वारस. तेही संपले तर दुसरी मुलगी ॲन व तिचे पुरुष वारस, आणि याच रीतीने पुढच्या मुली. चौघींचे पुरुषवंश आटोपल्यावर थोरल्या मुलीच्या मुलींची पाळी येते, आणि ही साखळी अशीच लांबत जाते. कायद्याचा हेतूही त्यातच स्पष्ट सांगितला आहे: ड्यूकच्या वंशात पुरुष वा स्त्री, कोणीही शिल्लक असेतोवर हा मान त्या वंशात राहावा. त्यामुळे मार्लबरोचे ड्यूकपद निर्वंश होऊन बुडणे आता जवळजवळ अशक्य आहे. ज्या काळात मुलीला बापाच्या पदवीत सहसा वाटा नव्हता, त्या काळात एका पराक्रमी सेनापतीपायी संसदेने एवढी पैस वाट करून दिली. मुलींच्या हक्काची चाड हे त्यामागचे कारण नव्हते. राष्ट्राचे ऋण फेडताना वारस पुरुषच हवा हा हट्ट थोडा वेळ बाजूला ठेवला गेला, इतकेच. क्रमातही मुलीचा मुलगा मुलीच्या मुलीआधी उभा आहे, हे नजरेआड करू नये.

दोन गोष्टी तक्त्यात लगेच घातल्या. वुडस्टॉकची जहागीर आणि ब्लेनमचा वाडा पदवीबरोबरच पुढे जावा, अशी तरतूद याच कायद्यात आहे. पोस्टाच्या उत्पन्नातून वर्षाला ५,००० पौंडांचे वर्षासनही त्याच सुमारास पदवीला कायमचे जोडले गेले. दुसरी गोष्ट, कायद्याने वाचवल्या त्या इंग्लंडच्या पदव्या. स्कॉटलंडचे आयमथचे लॉर्डपद तसेच राहिले आणि पहिल्या ड्यूकबरोबर १७२२ मध्ये बुडाले. तक्त्यात तेवढी एक ओळ कुठेही न जाता खाली थांबलेली दिसेल.

२० जानेवारी

ब्लेनमच्या आवारात १३४ फूट उंचीचा विजयस्तंभ आहे. १७३० मध्ये पुरा झालेल्या या स्तंभाच्या माथ्यावर रोमन सेनानीच्या वेषातला पहिला ड्यूक उभा आहे. चौथऱ्याच्या एका बाजूवर त्याच्या मोहिमांचे वर्णन कोरलेले आहे, आणि उरलेल्या तीन बाजूंवर संसदेच्या कायद्यांचा मजकूर व वारसाहक्काचा क्रम. मोहिमांना एक बाजू आणि दस्तऐवजाला तीन! स्तंभ पुरा करून घेणारी सेरा, म्हणजे पहिल्या ड्यूकची विधवा, व्यवहाराला किती पक्की होती हे यावरून कळते. कागद हरवतो, दगड हरवत नाही. टिपणासोबत छायाचित्र घ्यायचे झाले तर वाड्याच्या दर्शनी भागाऐवजी या चौथऱ्याचे घ्यावे, असे सुचवले आहे.

२ फेब्रुवारी

पहिला ड्यूक १६ जून १७२२ रोजी वारला आणि कायदा प्रथमच लागू झाला. हेन्रिएटा ही स्वतःच्या हक्काने दुसरी डचेस झाली. नवऱ्यामुळे मिळणाऱ्या डचेसपदाहून हे निराळे. तिचा नवरा फ्रान्सिस गोडॉल्फिन हा स्वतः अर्ल होता, पण बायकोच्या पदवीने तो ड्यूक झाला नाही. स्त्री असल्यामुळे हेन्रिएटाला लॉर्ड्सच्या सभागृहात बसताही आले नाही. वंशपरंपरागत पदवी असलेल्या स्त्रियांना तो हक्क मिळायला १९६३ उजाडावे लागले. म्हणजे १७२२ ते १७३३ या काळात ड्यूकपद होते, त्याची खुर्ची मात्र रिकामी होती. इंग्रजी याद्यांत क्रमांक ओळीने चालतात, त्यात ‘दुसरा ड्यूक’ सापडत नाही म्हणून वाचक गोंधळतो. आपल्या तक्त्यात दुसऱ्या क्रमांकाची चौकट वेगळ्या रंगात दिली आहे.

हेन्रिएटाचे आई सेराशी पटत नसे. नाटककार विल्यम काँग्रिव्हशी तिची जवळीक लंडनमध्ये उघड बोलली जाई आणि १७२३ मध्ये झालेली तिची धाकटी मुलगी मेरी ही त्याचीच असल्याचा प्रवाद होता. टिपणात हे आणावे की नाही, यावर थोडा खल झाला. वारसाच्या दृष्टीने त्याचा परिणाम शून्य आहे, कारण कायद्याच्या क्रमात हेन्रिएटाच्या मुलींची पाळी फार खाली लागते. तरी याच मुद्द्यामुळे कायद्यातला क्रम डोळ्यांपुढे उभा राहतो, म्हणून एक वाक्य ठेवले.

हेन्रिएटाचा मुलगा विल्यम पदवीचा पुढचा धनी होता. तो १७३१ मध्ये ऑक्सफर्डच्या बॅलियल कॉलेजात मुक्कामाला असताना अचानक वारला. त्याला मूल नव्हते. हेन्रिएटाच्या दोन मुली हयात होत्या आणि थोरलीचा नवरा तर पुढे पंतप्रधान झालेला न्यूकासलचा ड्यूक. थोरल्या मुलीमागून तिची मुलगी असा सरळ हिशेब कायद्याने ठेवला असता, तर १७३३ मध्ये हेन्रिएटाच्या मृत्यूनंतर न्यूकासलची डचेस हीच मार्लबरोचीही डचेस झाली असती. कायद्याने तसे केले नाही. थोरल्या शाखेतील मुलींना ओलांडून पदवी दुसरी मुलगी ॲन हिच्या मुलाकडे गेली. ॲन स्वतः १७१६ मध्येच वारली होती, तिचा मोठा मुलगा रॉबर्टही १७२९ मध्ये अविवाहित गेला होता. म्हणून त्याच्यामागचा चार्ल्स स्पेन्सर, संडरलंडचा पाचवा अर्ल, मार्लबरोचा तिसरा ड्यूक झाला. आजवरचे बारा धारक मोजताना तिसऱ्यापासून पुढचे सगळे याच चार्ल्सचे वंशज आहेत.

९ फेब्रुवारी

तक्ता एका रेषेने काढायचा, हा बेत आज सोडून दिला. पदवी एका वाटेने गेली, पैसा दुसऱ्या वाटेने आणि आडनाव तर काही काळ कुठेच नव्हते. तिन्ही गोष्टी एकाच रेषेत कोंबल्या तर अठराव्या शतकाचा उलगडाच होत नाही.

चार्ल्सला १७३३ मध्ये पदवी मिळाली, पण ब्लेनमवर सेराचा हयातभर हक्क होता आणि नवऱ्याच्या संपत्तीवर तिची पकड होती. चार्ल्सचे आणि या आजीचे बरे नव्हते. चार्ल्स ड्यूक झाल्यावर स्पेन्सरांचे मूळ ठिकाण ऑलथॉर्प हे धाकटा भाऊ जॉन स्पेन्सर याच्याकडे गेले. सेराचा जीवही याच नातवावर होता; ती १७४४ मध्ये वारली तेव्हा तिच्या स्वकष्टार्जित अफाट मालमत्तेचा मोठा भाग त्यालाच मिळाला, आणि त्याने सरकारी हुद्दा किंवा वर्षासन घेऊ नये अशी तिची अट होती. जॉनचा मुलगा १७६५ मध्ये पहिला अर्ल स्पेन्सर झाला आणि डायना स्पेन्सर ही याच शाखेतली. थोडक्यात, थोरल्या शाखेला मान आणि न परवडणारा वाडा मिळाला, धाकट्या शाखेला रोकड आणि सुटसुटीत जमीनजुमला. पुढची दीडशे वर्षे ब्लेनममध्ये पैशाची जी चणचण दिसते, तिचे मूळ मला इथेच दिसते.

आडनावाचा प्रश्न याहून सोपा आहे. १७३३ पासून मार्लबरोचे ड्यूक आडनावाने स्पेन्सर होते. चौथ्या ड्यूकने ‘केपेबिलिटी’ ब्राउन या उद्यानरचनाकाराकडून ब्लेनमचे तळे आणि उपवन घडवून घेतले, तो स्पेन्सरच. १८१७ मध्ये पाचव्या ड्यूकने राजाची परवानगी काढून स्पेन्सर-चर्चिल असे जोडनाव घेतले. वॉटर्लूनंतरच्या त्या वर्षांत पहिल्या ड्यूकच्या नावाला नवी चकाकी आली होती, आणि या पाचव्या ड्यूकला बाकी मिरवण्यासारखे फारसे उरलेही नव्हते. पुस्तके, बागा आणि दुर्मीळ झाडे यांवर त्याने कर्ज काढून पैसा उधळला. १८१२ च्या लिलावात बोकाच्चोच्या ग्रंथाच्या १४७१ मधील एका छापील प्रतीला त्याने २,२६० पौंड मोजले, ही त्या काळी थक्क करणारी रक्कम होती.

तक्त्यात आता जाड रेषा पदवीची, तुटक रेषा मालमत्तेची आणि आडनाव प्रत्येक चौकटीत खाली, लहान अक्षरांत.

१० फेब्रुवारी

दत्तकाचे काय, असे मराठी वाचक विचारणारच. ब्रिटिश उमरावकीत दत्तक पुत्राला पदवी मिळत नाही. रक्ताचा आणि औरस वारस हवा. ज्या लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारा, झाशी आणि नागपूर खालसा केले, त्याची स्वतःची गोष्ट या संदर्भात सांगण्याजोगी आहे. त्याला १८४९ मध्ये मार्क्विस केले गेले. त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता, आणि मुलींसाठी मार्लबरोसारखी काही सोयही नव्हती. १८६० मध्ये तो वारला तेव्हा त्याचे मार्क्विसपद बुडाले. जुने अर्लपद तेवढे चुलत घराण्यात गेले. हे वाक्य तळटीप म्हणून ठेवले आहे.

२३ फेब्रुवारी

एकोणिसाव्या शतकातला विक्रीचा काळ. सहाव्या ड्यूकवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

सातव्या ड्यूकने १८७५ मध्ये कोरीव रत्नांचा संग्रह ३५,००० गिनींना विकला. पुढे पुस्तके विकायची होती, पण ती वारसाला बांधलेल्या मालमत्तेत धरलेली होती. त्यासाठी १८८० मध्ये पुन्हा संसदेकडून कायदा करून घ्यावा लागला आणि मगच संडरलंड ग्रंथालयाचा लिलाव झाला. आठव्या ड्यूकने १८८५ मध्ये राफाएलचे एक मॅडोनाचित्र ७०,००० पौंडांना आणि व्हॅन डाइकने काढलेले पहिल्या चार्ल्सचे अश्वारूढ चित्र १७,५०० पौंडांना लंडनच्या राष्ट्रीय कलादालनाला दिले. पोस्टाच्या उत्पन्नातले वर्षासन १८८४ मध्ये एक लाख पौंडांहून थोड्या अधिक एकरकमी मोबदल्यात कायमचे मिटवण्यात आले. म्हणजे १७०६ मध्ये पदवीला बांधलेल्या गोष्टींपैकी एक रोख होऊन सुटली, जमीन व वाडा उरला. तुटक रेषेवर या तारखा खुणेने दाखवल्या आहेत. पदवीच्या जाड रेषेवर त्यांपैकी एकीचाही ओरखडा नाही.

१ मार्च

१८९२ ते १८९७ ही पाच वर्षे वेगळ्या चौकटीत मोठी करून दाखवायची, कारण या अवधीत पदवी विन्स्टन चर्चिलच्या अगदी जवळ आली होती.

इथे निश्चित वारस आणि संभाव्य वारस हा भेद समजावून द्यावा लागतो. धारकाचा थोरला मुलगा निश्चित वारस. त्याला मागे ढकलणारा कोणी नंतर जन्माला येऊ शकत नाही. मुलगा नसताना क्रमात पुढे असलेला भाऊ, काका किंवा चुलतभाऊ हा केवळ संभाव्य वारस. धारकाला मुलगा झाला की त्याचा पत्ता कटतो. १८९२ मध्ये नववा ड्यूक गादीवर आला तेव्हा तो वीस वर्षांचा आणि अविवाहित होता. संभाव्य वारस होता काका लॉर्ड रँडॉल्फ. २४ जानेवारी १८९५ रोजी रँडॉल्फ वारला आणि ते स्थान त्याच्या थोरल्या मुलाकडे, वीस वर्षांच्या विन्स्टनकडे आले.

त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नवव्या ड्यूकने न्यूयॉर्कमध्ये कॉन्स्वेलो व्हँडरबिल्ट हिच्याशी लग्न केले. लग्नाच्या करारात पंचवीस लाख डॉलर किमतीचे रेल्वेचे शेअर होते. ब्लेनमच्या तिजोरीला तुटक रेषेवर प्रथमच वर जाणारा बाण मिळाला, आणि हा पैसा कुठून आला हे कोणापासून लपलेले नव्हते. वधूची मात्र या लग्नाला मनापासून संमती नव्हती; १९२१ मध्ये घटस्फोट आणि १९२६ मध्ये धर्मपीठाकडून विवाह मुळातच रद्दबातल, अशी त्याची अखेर झाली. सासरी आल्यावर आजेसासूने, सातव्या ड्यूकच्या विधवेने, आपल्याला मुलगा व्हायलाच हवा असे बजावले आणि त्या विन्स्टनच्या हाती ड्यूकपद जाणे असह्य होईल असे ऐकवले, ही हकिकत कॉन्स्वेलोने पुढे आठवणींत लिहिली आहे. विन्स्टन हाही त्याच बाईंचा सख्खा नातू, हे विसरू नये!

हा संभाव्य ड्यूक ऑक्टोबर १८९६ मध्ये चौथ्या हुसार्स पलटणीबरोबर मुंबईला आला. ससून डॉकच्या पायऱ्यांशी नाव लाटेवर वरखाली होत असताना त्याने भिंतीतली लोखंडी कडी पकडली, नाव खाली गेली आणि उजवा खांदा निखळला. ते दुखणे त्याला जन्मभर पुरले. तिथून पुण्याच्या छावणीत आणि मग बंगळूरला. १८९७ च्या सप्टेंबरात तो वायव्य सरहद्दीवर मालाकंडच्या फौजेसोबत होता. १६ सप्टेंबरला मामुंद खोऱ्यातल्या चकमकीत त्याच्या आजूबाजूची माणसे पडली, तो वाचला. दोन दिवसांनी, १८ सप्टेंबरला, इंग्लंडमध्ये कॉन्स्वेलोला मुलगा झाला आणि विन्स्टनचे संभाव्य वारसपण संपले. वर्षभरानंतर धाकटा आयव्हर जन्मला तेव्हा तर वाट पुरतीच बंद झाली.

ड्यूक झाला असता तर विन्स्टनला कॉमन्समध्ये बसता आले नसते. पदवी नाकारण्याची मुभा १९६३ च्या कायद्यापूर्वी नव्हती. त्याच्या राजकारणाचे काय झाले असते, यावर लिहिण्याचा मोह आवरला आहे. तक्त्याला घडलेले पुरेसे आहे.

९ मार्च

विसावे शतक तक्त्यात सरळ उतरते. १८९७ मध्ये जन्मलेला जॉन १९३४ मध्ये दहावा ड्यूक झाला, १९७२ मध्ये त्याचा मुलगा अकरावा आणि १६ ऑक्टोबर २०१४ रोजी अकरावे ड्यूक वारल्यावर त्यांचे पुत्र बारावे. बापामागून मुलगा, कुठेही वळण नाही.

तुटक रेषा मात्र पुन्हा वेगळी होते. १९९४ मध्ये मालमत्तेचा कारभार पुढील वारसाच्या हाती थेट न जाता विश्वस्तांच्या हाती राहावा, अशी व्यवस्था न्यायालयामार्फत करण्यात आली. पदवीच्या क्रमाला न्यायालय हात लावू शकत नव्हते आणि कोणी तसे मागितलेही नाही. मालमत्तेची मांडणी बदलता आली. कौटुंबिक कारणांत टिपण शिरणार नाही.

१९९९ च्या कायद्याने वंशपरंपरागत उमरावांचा लॉर्ड्समध्ये बसण्याचा आपोआप हक्क गेला. ब्याण्णव जागा तेवढ्या ठेवल्या गेल्या आणि त्यांत मार्लबरोचे ड्यूक नव्हते. त्या उरलेल्या जागाही काढण्याचे विधेयक सप्टेंबर २०२४ मध्ये मांडले गेले. तक्त्यात १९९९ पाशी एक आडवी रेघ दिली: वर ‘पदवी व आसन’, खाली ‘फक्त पदवी’.

१५ मार्च

दोन कामे उरली होती, ती आज उरकली.

पहिले काम खंडणीची टीप. वुडस्टॉकच्या जहागिरीबद्दल ड्यूकने राजाला दरवर्षी फ्रान्सच्या राजनिशाणाची, पांढऱ्या कापडावर सोनेरी लिलीफुले असलेली, एक प्रतिकृती द्यायची असते. ब्लेनमच्या लढाईच्या वाढदिवशी, नव्या पंचांगाप्रमाणे १३ ऑगस्टला, ती विंडसरच्या किल्ल्यात पोचते. वेलिंग्टनचा ड्यूक वॉटर्लूच्या दिवशी तिरंगी फ्रेंच निशाण पोचवतो, ते याच धर्तीवर. मुंबई बेटही दुसऱ्या चार्ल्सने १६६८ मध्ये कंपनीला वर्षाला सोन्याच्या रूपात १० पौंडांच्या नाममात्र खंडावर दिले होते. जमीन शेवटी राजाची, हे कागदावर जागते ठेवण्याची ही जुनी इंग्रजी तऱ्हा आहे. टीप मालमत्तेच्या तुटक रेषेशी जोडली.

दुसरे काम मुलींच्या शाखांचे. १७०६ चा कायदा रद्द झालेला नाही. त्यामुळे पहिल्या ड्यूकच्या सर्व वंशजांचा, कितीही खालचा असला तरी, क्रमात हक्क टिकून आहे. ते सगळे छापायचे तर तक्ता पानात मावणार नाही. म्हणून हेन्रिएटा, एलिझाबेथ आणि मेरी यांच्या शाखा दुसऱ्या पिढीपर्यंत काढून पुढे ठिपके दिले, आणि ठिपक्यांखाली कायद्यातला क्रम तीन ओळींत लिहिला. संपादकांनी ठिपके काढून टाकावेत असे सुचवले होते. ते मी ठेवले आहेत, कारण ती शाखा संपलेली नाही आणि आयमथच्या ओळीसारखी ती बंद करून दाखवणे चुकीचे ठरेल. तक्ता व टिपण छपाईपूर्व वाचनासाठी पाठवले.